मागच्या खोलीतला वळू

हिंदुराव मगरांना माणसांपेक्षा जनावरं बरी वाटत. जनावराचा पाय दुखत असेल तर ते पायच उचलतं, माणसाचं तसं नसतं, असं ते बायकोला येता-जाता ऐकवत. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. मोडनिंबच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात असताना एका बड्या बागाईतदारानं त्यांना तुकतुकीत म्हैस दाखवून तंदुरुस्तीचा दाखला घेतला, आणि त्याच दाखल्यावर सरकारी योजनेत दुसरीच मरतुकडी म्हैस खपवली. चौकशी लागली. हिंदुराव त्यातून सुटले, पण मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हिंदुराव पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

पुढं नोकरी सोडून त्यांनी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर, एमआयडीसीच्या अलीकडं, स्वतःचा दवाखाना काढला. गुरांचा खासगी दवाखाना म्हणजे तेव्हा नवलच होतं. पुढं तपासायची खोली, शेजारी छपराचा उघडा गोठा आणि मागं लोखंडी दाराची एक पक्की खोली. ती खोली जागामालकानं भाड्यात घातली म्हणून हिंदुरावांनी घेतली, चुना मारला, भिंतीला टेकून गव्हाण बांधली आणि दाराला मोठं कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या जानव्याला असावी तशी कायम अंगावर असे. कंपाउंडर कुंडलिक एवढा जुना आणि सरळ माणूस, पण त्याच्याकडंही ती कधी गेली नाही.

कल्लप्पा बिराजदार दवाखान्यात पहिल्यांदा आला तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. हा विमा कंपनीचा अधिकारी. बोलताना अधूनमधून कानडी 'री' लावायची सवय, आणि नजर अशी की समोरच्याला आपल्या खिशाची शिवण उसवल्यासारखं वाटावं. गुरांचा विमा नुकता कुठं खेड्यापाड्यांत पोचू लागला होता आणि त्यासाठी जनावर तपासून दाखला द्यायचं काम हिंदुरावांकडं येई.

"काय री डॉक्टर, दवाखान्याचा आगीचा विमा काढलात, चांगलं केलंत," कल्लप्पा म्हणाला. "पण तुमच्या दावणीला बांधलेलं लोकांचं जनावर मेलं तर?"

"माझ्या हातून जनावर मरत नाही."

"हातून नाही म्हणालो मी. दावणीला म्हणालो. साप चावेल, भिंत पडेल, काहीही होईल. तुमच्या ताब्यात असताना झालं की जबाबदारी तुमची. त्याचाही विमा निघतो. पुण्याहून मंजुरी आणावी लागते, पण निघतो. एकदा सगळी जागा फिरून बघतो, कुठं काय धोका आहे ते लिहून काढू."

हिंदुरावांच्या मनात आलं, ह्याला कमिशन दिसतंय. आणि जागा फिरून बघायची म्हणजे काय? उद्या कुठल्या दाव्यात माझ्याच दवाखान्यावर बोट ठेवायला? त्यांनी चहा पाजला आणि मागच्या खोलीच्या अलीकडूनच त्याला वाटेला लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बिरप्पा आपला कोसा घेऊन आला.

बिरप्पा धनगर, दक्षिणेकडं कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका गावचा. घरात मेंढरं होती, पण जीव होता तो खिलार गुरांवर. कोसा म्हणजे त्यांच्या घरी जन्मलेला वळू. काळसर झाक असलेली कातडी, मागं वळलेली शिंगं, आणि चाल अशी की सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गुरांच्या बाजारात त्याला बघायला माणसं वाट सोडून उभी राहिली. त्याच जत्रेत कल्लप्पानं बिरप्पाच्या गळी विमा उतरवला होता, आणि कोशाला तपासून दाखला दिला होता तो हिंदुरावांनीच.

आता कोशाच्या मानेवर गळू झालं होतं. हिंदुरावांनी ते फोडलं, पू काढला, एक सुई टोचली, पट्टी बांधली. "दोन दिवस इथंच राहू दे. पट्टी बदलावी लागेल."

"ऱ्हाऊ द्या की," बिरप्पा म्हणाला. "म्या बी हितंच पडतो त्याच्यापाशी. त्याला माणूस लागतंय."

हिंदुरावांच्या कपाळावर आठी पडली. एवढं किमती जनावर. नुकता विमा काढलेलं. आणि मालक म्हणतो, मी एकटा त्याच्यापाशी झोपतो. "नाही. दवाखान्यात रात्री कुणाला राहू देत नाही मी."

"मग छपराखाली तरी बांदा, वाऱ्यावर. कोंडलं की त्यो बिचकतो."

"छपराखाली कोणीही येतं-जातं. मागच्या खोलीत बांधू. कुलपात राहील."

बिरप्पानं डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. त्याला ते पटलं नव्हतं, पण डॉक्टरपुढं काय बोलणार? गावाहून आणलेला कडबा आणि फडक्यातली पेंड त्यानं स्वतःच्या हातानं गव्हाणीत टाकली, कोशाच्या पाठीवरून हात फिरवला आणि शहरात पाहुण्याकडं मुक्कामाला गेला. हिंदुरावांनी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

सकाळी ते दार उघडून आत गेले आणि उंबऱ्यातच थबकले. कोसा आडवा पडला होता. पोट फुगलेलं, चारी पाय ताठ. हिरड्या बघितल्या तर मातकट. त्यांनी शीर उघडली. आलेलं रक्त लाल नव्हतं. काकवीसारखं तपकिरी होतं.

असलं रक्त त्यांनी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, खताची पिशवी फोडून खाल्लेल्या गाईचं. म्हणजे विष. पोटातून गेलेलं. आणि पोटात काय गेलं होतं? बिरप्पानं आणलेला कडबा आणि बिरप्पानं आणलेली पेंड.

हिंदुराव गव्हाणीतल्या उरल्यासुरल्या वैरणीकडं बघत राहिले. सगळं कसं सांध्यात सांधा बसल्यासारखं जुळत होतं. विमा काढायचा, किरकोळ दुखणं घेऊन यायचं, डॉक्टरच्या ताब्यात द्यायचं आणि मग आळ डॉक्टरवर. मोडनिंबची म्हैस त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

बिरप्पा आला तो हातात जोंधळ्याची हिरवी ताटं घेऊन, कोशासाठी. दारातूनच त्याला दिसलं. ताटं हातातून गळून पडली. तो तसाच आत गेला. कोशाच्या शिंगाला धरून बसला आणि म्हणाला, "काय टोचलंसा तुमी त्याला?"

"मी टोचलेल्या औषधानं असं होत नाही. तू काय खायला घातलंस ते सांग."

बिरप्पानं मान वर केली. हा प्रश्न का विचारला हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तसा तो उभा राहिला. "मी? माज्या कोशाला? किल्ली तुमच्यापाशी हुती, डाक्टर. मी भाएर हुतो."

तेवढ्यात बाहेर माणसं जमली. पहिल्या पाळीला सायकलींवरून निघालेले यंत्रमागवाले कंपाउंडाशी थांबून आत डोकावू लागले. हिंदुरावांनी कुंडलिकला कल्लप्पाकडं पिटाळलं.

कल्लप्पा आला, खाली बसून जनावर बघितलं, कानातला विम्याचा बिल्ला ताडून पाहिला. मग हिंदुरावांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "दाखला तुमचा. उपचार तुमचे. खोली तुमची. किल्ली?"

"माझीच. पण तुम्ही मला काय विचारताय? त्या धनगराला विचारा."

"त्याला विचारणारच आहे री. दोघांनाही विचारणार आहे." कल्लप्पा हसला नाही. "शवविच्छेदन तुम्ही करायचं नाही. सरकारी डॉक्टर येतील."

हिंदुरावांच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. आपल्यावर संशय! त्याच रागात त्यांनी जबाब दिला: वैरण मालकानं आणली होती, विष पोटातून गेलं आहे, मालकाचा हेतू संशयास्पद वाटतो. सरकारी डॉक्टरांनीही विषबाधाच म्हटलं. कुठून आलं ते त्यांना सांगता येईना. दावा अडकला. पोलिसांनी बिरप्पाला दोनदा बोलावून घेतलं.

कोसा मेला त्याच दिवशी दुपारी बिरप्पाची बायको निंगव्वा आली होती. ती दवाखान्याच्या फाटकाशी बसून राहिली. "नम्म मगा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आमचं लेकरू. हिंदुरावांना कानडी फारसं येत नव्हतं, पण एवढं कळत होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली. हेही सोंगच असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनानं ते लगेच मानलं नाही, पण शेवटी मानलं.

पुढचे दिवस वाईट गेले. बाजारात बोलणं दोन्ही बाजूंनी फिरत होतं. कुणी म्हणे धनगरानं विम्यापायी पोटचं जनावर मारलं. कुणी म्हणे डॉक्टरची सुई चुकली. बिरप्पाच्या मेंढ्यांना बाजारात गिऱ्हाईक हात लावीना आणि हिंदुरावांच्या छपराखाली दावी नुसती लोंबत राहिली. हिंदुराव कुंडलिकवरही नजर ठेवू लागले. एक दिवस त्यांनी त्याला विचारलंच, "त्या बिरप्पाशी तुझी आधीची ओळख होती का रे?" कुंडलिक "नाही" म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून तो आपला डबा आत ठेवीनासा झाला, बाहेर लिंबाखाली बसून खाऊ लागला.

आणि मग शिवबाईची गाय आली.

शिवबाई तिथंच पलीकडच्या वस्तीवर दूध घालणारी. गाईला ताप होता. ऊन मी म्हणत होतं, छपराचा पत्रा तापून लाल झालेला. हिंदुरावांनी गाय मागच्या गार खोलीत बांधायला लावली. खोलीचं काय, खोली निर्दोष होती; दोषी माणूस कोण ते त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. शिवबाई सावलीला टेकली. कुंडलिक औषधं आणायला पेठेत गेला होता.

थोड्या वेळानं ताप बघायला म्हणून ते आत गेले तर गाय गव्हाणीवरून मान लांब करून भिंतीकडच्या फटीत जीभ घालत होती. चाटत होती, मिटक्या मारत होती. हिंदुराव बघत राहिले. मग गाय डळमळली. पुढचे पाय फाकले, ती खाली बसली, श्वासाचा भाता सुरू झाला, हिरड्या त्यांच्या डोळ्यांदेखत मातकट झाल्या.

ह्या वेळी मात्र डोक्यातलं सगळं शहाणपण बाजूला सारून त्यांचे हात चालले. शिरेतून दोन थेंब रक्त: तपकिरी. कपाटातली निळ्या औषधाची, असल्या विषावरच्या उताऱ्याची बाटली त्यांनी ओढून काढली, सलाइनमध्ये घातली आणि शिवबाईला हाक मारली. शिवबाईनं गाईची मान कवेत धरली, त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली. औषध आत गेलं. दोघंही गाईच्या नाकपुड्यांकडं बघत राहिली. हळूहळू श्वास खाली बसला. हिरड्यांवर रंग चढला. गाय उठून उभी राहिली आणि पाणी प्यायला लागली.

"देवासारकं केलंसा डाक्टर," शिवबाई त्यांच्या पाया पडली. "कोन म्हंतंय तुमची सुई वाईट हाय!"

हिंदुरावांनी तिला गाईसकट छपराखाली पाठवलं आणि पहार आणून गव्हाणीची एक फरशी उचकटली. मागं, भिंतीच्या बुडाशी, घुशीनं उकरलेल्या मातीत पिवळट पांढरे खडे पडले होते. मिठाच्या खड्यांसारखे. काही ढेकळं मुठीएवढी. खाली कुजलेल्या पोत्याचा तुकडा.

ते तसेच जागामालकाकडं गेले. मालकानं पान जमवत सांगितलं, "तुमच्या आधी तिथं रंगारी होता. चादरींच्या सुताला रंग द्यायचा. रंगाचं सामान, रंग पक्का करायची मिठं, पोतीच्या पोती असायची. का हो?"

"काही नाही," हिंदुराव म्हणाले.

रंग पक्का करायला नायट्राइट वापरतात हे त्यांना माहीत होतं. जनावराला ते खारट लागतं आणि पोटात गेलं की रक्त तपकिरी होतं हेही माहीत होतं. आपण कोशाला चोरापासून, मालकापासून, सगळ्या जगापासून वाचवायला म्हणून कुलपात घातलं, आणि ज्या छपराखाली बांधा म्हणून बिरप्पा सांगत होता तिथं कोसा आज रवंथ करत बसला असता.

परत येताना त्यांच्या मनात दुसरंच चालू होतं. हे कुणीच पाहिलेलं नाही. शिवबाईला वाटतंय तापानं गाय पडली. खडे गटारात गेले, फरशी पुन्हा बसवली, की झालं. खरं सांगितलं तर विमा कंपनी बिरप्पाच्या दाव्याचे पैसे देईल आणि तेवढेच माझ्याकडून वसूल करेल, कारण ताब्यातल्या जनावरांचा विमा मी काढला नाही. शिवाय डॉक्टरच्या खोलीत विष होतं म्हटल्यावर कोण गुरं आणणार?

त्यांनी संध्याकाळी घरी विजयमालाबाईंना सगळं सांगितलं. जेवण पुढं तसंच होतं.

"आता काय करायचं म्हणता?" बाईंनी विचारलं.

"तेच कळत नाही."

"कळत नसतं तर मला सांगितलं नसतंत." त्यांनी ताटातली भाकरी काढून गरम वाढली. "खाऊन घ्या. सकाळी लांब जायचंय तुम्हाला."

हिंदुराव सकाळच्या एसटीनं बिरप्पाच्या गावी गेले. सोबत एका डब्यात ते खडे. बिरप्पा मेंढवाड्याबाहेर मेंढरांना पाणी पाजत होता. त्यानं डॉक्टरांना बसा म्हटलं नाही. हिंदुरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: खोली, रंगारी, खडे, शिवबाईची गाय.

बिरप्पानं ऐकून घेतलं. मग डब्याकडं बघत म्हणाला, "ह्ये आत्ता का सांगाय आलायसा? इमावाल्यानं धाडलं व्हय? कुटं अंगठा घ्यायचाय माजा?"

"अंगठा नको. मी खरं सांगतोय."

"तवा बी तुमी खरंच सांगितलं हुतंसा पोलिसाला."

हिंदुरावांनी डबा खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडं ज्या नजरेनं पाहिलं होतं, तीच नजर आता समोरून त्यांना पारखत होती, आणि तिच्यापुढं शपथ घेऊन काही उपयोग नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

निंगव्वा चुलीपुढून उठून बाहेर आली. तिनं नवऱ्याला हातानं थांबवलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "डाक्टर, त्याला लई तरास झाला काय री?"

लगेच गेला, कळलंही नसेल, असं म्हणणं किती सोपं होतं. हिंदुरावांच्या ओठांवर ते आलंही.

"झाला," ते म्हणाले. "श्वास कोंडला असणार. आपटला असणार. दार बंद होतं, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही."

निंगव्वानं डोळ्याला पदर लावला. फाटकाशी बसली होती त्या दिवशी ती रडली नव्हती, आत्ता रडली. बिरप्पानं तोंड फिरवलं आणि पाण्याची बादली उपडी केली. थोड्या वेळानं तो आतून घोंगडं घेऊन आला आणि ते डॉक्टरांसमोर जमिनीवर टाकलं. हिंदुराव त्यावर बसले.

कल्लप्पाला पटवणं त्याहून अवघड गेलं. "कोशाच्या मालकानं काय कबूल केलंय तुम्हाला?" त्यानं सरळच विचारलं. "आधी म्हणालात मालकानं मारलं. आता म्हणता माझ्या भिंतीनं मारलं. दोघांचं मिटलंय असा अर्थ होतो री याचा."

"खडे तपासायला पाठवा. खोली बघा. त्या वेळी बघू दिली नाही, आता बघा."

कल्लप्पानं खोलीचं कुलूप काढायला लावलं, गुडघ्यावर बसून फटीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. "हे मी तेव्हा बघितलं असतं तर," एवढंच बोलून त्यानं रुमालानं बोट पुसलं.

तपासणीचा निकाल यायला पावसाळा लागला. खड्यांत तेच निघालं. कंपनीनं बिरप्पाचा दावा मंजूर केला आणि हिंदुरावांना भरपाईची नोटीस धाडली. त्यांनी वकील केला नाही. गावाकडची, नातेपुत्याची वाटणीची जमीन भावाला विकून पैसे भरले आणि प्रकरण मिटवलं. जागामालकाला विचारून मागची खोली पाडली, खालची माती खणून दूर नेऊन पुरली. पोलिसांत जाऊन जुना जबाब बदलून आले. तिथल्या हवालदारानं त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. कुंडलिकचीही त्यांनी माफी मागितली. कुंडलिक "असू दे की" म्हणाला, पण डबा मात्र लिंबाखालीच खात राहिला.

दिवाळीनंतर एका सकाळी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. मागं एक खिलार कालवड बांधलेली होती, पुढच्या खुरात काटा मोडून पाय सुजलेला. बिरप्पा गाडीतून उतरला, पण फाटकाच्या आत आला नाही.

हिंदुराव बाहेर गेले. "आत आण की. फरशीवर नीट बघता येईल."

"न्हाय," बिरप्पा म्हणाला. "हितंच बगा. कासरा माज्या हातात ऱ्हाईल. आणि टोचायचं आसंल तर आदी मला सांगा, काय हाय त्ये."

रस्त्यावरून सायकली जात होत्या, धूळ उडत होती. हिंदुराव आत गेले, पिशवी आणि पाण्याचं घमेलं घेऊन आले आणि रस्त्याच्या कडेला मातीत गुडघे टेकून बसले. बाटली पिशवीतून काढून त्यांनी आधी बिरप्पासमोर धरली.

"हे जखम धुवायचं औषध आहे," ते म्हणाले. "झोंबेल तिला. घट्ट धर."

बिरप्पानं बाटलीचं बूच काढून वास घेतला, डॉक्टरांकडं एकदा पाहिलं आणि कासरा हाताला आणखी एक वेढा देऊन म्हणाला, "धरलंय. घ्या."